तिसरा टोला

“आम्ही दोघं आलो, आणि टोला एकच कसा दिलात?”

मुकुंद सस्ते गुरुजींनी हे पडवीत पाय टेकायच्या आत विचारलं. धाप लागली होती, तरी विचारलं.

भिवाबुवा लोकर पिंजत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“किती आलं?”

“दोघं. मी, आणि ही माझी मुलगी. गार्गी.”

“अक्का,” बुवांनी आत हाक दिली, “किती भाकरी टाकतीस?”

“एक,” चुलीपासून धोंडाक्का म्हणाली. “तुमीच एक वाजवला न्हवं?”

“बराबर हाय.”

तरसाच्या डोंगरावरचा मठ म्हणजे दोन खोल्या आणि एक पत्र्याची पडवी. पडवीच्या आढ्याला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला. खालून माणूस वर आलं की बुवांनी माणसामागं एक टोला द्यायचा, म्हणजे आत धोंडाक्काला कळायचं पिठात हात किती घालायचा ते. टोला एक, भाकरी एक. तिला गुडघ्यांमुळं उठवत नव्हतं, म्हणून ही रीत पडली, आणि ती पंचक्रोशीला ठाऊक होती. त्या रीतीत अध्यात्म काही नव्हतं.

“मोजायला चुकलात बुवा,” गुरुजी म्हणाले. शिकलेल्या माणसाला आपलं चुकलं असं सहसा वाटत नाही, समोरच्याचंच वाटतं.

“न्हाय चुकलो. तू आलास. पोर अजून यायची हाय.”

“ही काय उभी आहे.”

बुवांनी आता मान वर केली. पोरीकडं बघितलं.

सात वर्षांची पोर. पाठीला दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, मोज्यांत कुसळंच कुसळं. बापानं मनगट धरलं होतं ते अजून सोडलं नव्हतं.

“मनगट आलंय,” बुवा म्हणाले, आणि परत लोकर पिंजायला लागले.

...

सस्ते गुरुजी तालुक्यात नाव असलेला माणूस. सोळा शाळांवरचे केंद्रप्रमुख. लहान मुलांना फिरवावं कसं आणि फिरवता फिरवता शिकवावं कसं, यावर ते पालकसभेत भाषण द्यायचे. आयाबाया माना डोलवायच्या आणि घरी जाऊन पोरांना टीव्हीपुढं बसवायच्या.

गुरुजी मात्र बोलत तसं करत. आपली पोर त्यांनी तिसऱ्या वर्षापासून फिरवली. किल्ले झाले, लेणी झाली, धरण झालं. साखर कारखाना, टपाल कचेरी, पाखरांचं तळं. एक रविवार वाया गेला नाही. प्रत्येक ठिकाणाला वहीत एक पान. वर ठिकाणाचं नाव, खाली रकाने आखलेले: उंची, इतिहास, झाडं, प्राणी, आणि तळाला ‘मी काय शिकले’.

वहीवर ‘तिसरी वही’ असं लिहिलेलं. म्हणजे आधीच्या दोन भरल्या होत्या.

गेल्या शनिवारी संध्याकाळी पोर त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, “पप्पा, मी पान घरूनच लिहून देते. सगळं बरोबर लिहीन. मग जायला नको ना?”

चिडून म्हणाली असती तर गुरुजींनी चिडण्यावर इलाज केला असता. ती समजुतीनं म्हणाली. सासुरवाशीण सासऱ्याला सांगते तसं.

त्या रात्री गुरुजींच्या ध्यानात आणखी एक आलं. पोरीनं वर्षभरात त्यांना एक प्रश्न विचारला नव्हता. गार्गी हे नाव त्यांनीच ठेवलं होतं, भर सभेत ऋषींना प्रश्न विचारणारी बाई म्हणून. आणि ही हूं का चूं करत नव्हती. सांगितलं तेवढं लिहायची, आणि अक्षर सुंदर होतं.

बायको म्हणाली, “भिवाबुवाकडं जाऊन या. म्हातारा काहीतरी सांगेल.”

गुरुजी म्हणाले, बरं. तसाही तो डोंगर यादीत राहिलाच होता. एका दगडात दोन पक्षी.

पक्षी मारायची सवय लागली की माणूस देवळातसुद्धा गोफण घेऊन जातो.

...

“बुवा, प्रश्न असा आहे,” गुरुजी मांडी घालून बसले. “मी हिला जग दाखवतो. आणि हिचं मन लागत नाही. का?”

“काय काय दाखवलंस?”

गुरुजींनी वही पुढं केली.

“मला वाचता येत न्हाय,” बुवा म्हणाले. “पोरी, तूच सांग. हिकडं येताना काय बघितलंस?”

पोर ताठ उभी राहिली. हात मागं घेतले.

“तरसाचा डोंगर. उंची समुद्रसपाटीपासून नऊशे चाळीस मीटर. झाडं, बाभूळ, तरवड, हिवर, निवडुंग. प्राणी, ससा, कोल्हा, लांडगा, तरस. मी काय शिकले, निसर्ग आपला मित्र आहे.”

“तरस बघितलास?”

पोरीनं बापाकडं बघितलं.

“तरस म्हणजे ते… पूर्वी होते,” गुरुजी म्हणाले.

“मी तिला इचारतोय.”

“नाही बघितला,” पोर म्हणाली.

“ससा?”

“नाही.”

“मग हे लिवलंस कवा?”

“काल. घरी.”

...

धोंडाक्काची भाकरी थापायची थपथप आतून ऐकू येत होती. ती थांबली. तिचे कानही इकडंच असावेत.

“आलीस आज,” बुवा म्हणाले, “आणि लिवलंस काल.”

“ती पूर्वतयारी असते बुवा,” गुरुजी घाईनं म्हणाले. “आधी माहिती असली की मूल नीट बघतं.”

“मग बघितलं का?”

गुरुजींनी पुढं केलेली वही मागं घेतली.

“खालनं वर यायला किती येळ लागला?”

“पंचवीस मिनिटं,” गुरुजी म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज थोडा चढला. सात वर्षांच्या पोरीला घेऊन पंचवीस मिनिटं म्हणजे काही वाईट नव्हतं.

“वाटंत मुंग्यांचं वारूळ लागलं?”

“असेल. मी वेळेकडं बघत होतो.”

“पोरी, तू कशाकडं बघत हुतीस?”

पोर म्हणाली, “पप्पांच्या बुटाकडं. ते पुढं असतात.”

आतून धोंडाक्का फिसकन हसली. मग खोकला आल्यासारखं केलं.

गुरुजींचं तोंड उतरलं. “तुम्हाला हसायला सोपं आहे,” ते म्हणाले. “तुम्ही शिकवलेलं नाहीत कधी कुणाला. तुम्हाला ही वाट तरी पाठ असेल, मला तिला सगळं जग…”

“वाट पाठ हाय,” बुवा म्हणाले. “चाळीस वरसं रोज खाली हिरीवर पाण्याला जातोय. दोन घागरी सकाळी, दोन सांजचं. डोळं मिटून जातो, डोळं मिटून येतो.”

हे म्हणताना बुवाही थोडे फुगले. म्हातारे झाले म्हणून काय, फुगायचं कुणाला चुकतं.

“मग मला सांगा, तिला आता दाखवायचं तरी काय राहिलं?”

बुवांनी लोकर बाजूला ठेवली.

“वही हितं ठिव.”

“बरं.”

“घड्याळ बी.”

गुरुजींनी घड्याळ काढलं. मनगटावर पांढरा पट्टा पडला होता.

“आता पोरीला घिऊन खाली जा. पार पायथ्याला. मग परत वर या. पोर पुढं, तू मागं. ती थांबली तर थांबायचं. बसली तर बसायचं. तिनं इचारल्याबिगर एक शबुद बोलायचा न्हाय.”

“आणि तिनं नाहीच विचारलं तर?”

“तर गप ऱ्हायचं.”

“किती वेळ?”

“ते तिला ठावं,” बुवा म्हणाले. “ती आली की टोला देतो.”

...

पायथ्याला आले तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. डबा तिथंच खाल्ला. मग गुरुजींनी हातानं खूण केली: हो पुढं.

पोर भराभर चालायला लागली. दहा पावलं गेली की मागं वळून बघायची. बरोबर चाललंय ना, असं.

गुरुजी गप्प. मास्तर माणसाला गप्प बसणं म्हणजे एकादशीला शेजारच्या घरात मटण शिजणं. तरवडाचं झाड आलं, पिवळ्या फुलांनी भरलेलं. गुरुजींच्या जिभेवर त्याचे औषधी उपयोग येऊन उभे राहिले. त्यांनी ते गिळले.

पहिल्या वळणावर पोर थांबली.

“काय बघू?” तिनं विचारलं.

गुरुजींचा हात उठला. बोट दाखवायच्या बेतात आला. मग त्यांच्या ध्यानात आलं, हा काही प्रश्न नव्हे. ही हुकमाची वाट बघणं आहे. त्यांनी हात खाली घेतला. खांदे उडवले.

पोरीला हे नवीन होतं. ती तशीच उभी राहिली.

...

मग ती खाली बसली.

गुरुजींना वाटलं, रुसली. त्यांना वाटलं, दमली. त्यांना वाटलं, अर्धा तास वाया गेला. घड्याळ नसल्यामुळं किती वाया गेला तेही कळेना, त्याचा त्रास वेगळाच.

तेही बसले. बुडाखाली खडे टोचत होते.

पोरीनं मोजे काढले. एकेक कुसळ उपसून मातीत टाकायला लागली. काहीच घडत नव्हतं. एखादी घार वर फिरत होती तेवढीच. गुरुजींच्या मनात आलं, म्हाताऱ्यानं आपल्याला बनवलं. अडाणी माणसाकडं सल्ला मागायला गेलो ही चूक आपली.

“नेतायत,” पोर म्हणाली.

कुणाला म्हणाली असं नाही. गुरुजींनी वाकून बघितलं.

काळ्या मुंग्या होत्या. पोरीनं टाकलेलं कुसळ दोघीतिघींनी धरलं होतं आणि ओढत निघाल्या होत्या. पुढं बीळ होतं. बिळाभोवती फोलकटांचं गोल कडं पडलेलं, खळ्यावर उपणल्यावर पडतं तसं. आत दाणा, बाहेर भूस.

पोरीनं दुसरं कुसळ त्यांच्या वाटेत ठेवलं. मग तिसरं. मोज्यातलं संपलं तेव्हा ती बापाकडं वळली, त्यांच्या पँटीच्या मोहरीतली कुसळं उपसायला लागली. विचारलं नाही, सांगितलं नाही. गुरुजींनी पाय लांब केला.

ते तसे बसले किती वेळ, कुणास ठाऊक. सावल्या बाजू बदलून पडायला लागल्या एवढं खरं.

...

तिथून पुढं पोरीनं मागं वळून बघायचं सोडलं.

ती मधेच उलटी चालायची. मधेच खडा उचलायची, चाटून बघायची, टाकायची. खडा चाटू नये हे गुरुजींनी सोळाही शाळांत सांगितलेलं. आज दातांखाली जीभ धरली.

दुसऱ्या वळणावर एक काळा दगड आहे. म्हशीएवढा. वाटेत अर्धा आलेला, त्यामुळं येणारजाणार त्याला वळसा घालतो आणि मनात दोन शिव्या देतो. पोर त्याच्यावर चढली नाही. समोर उभी राहून त्याला खडे मारायला लागली. उगाच. पोरं मारतात तसे.

पहिला खडा लागला. टण्ण.

पोर थबकली.

तिनं खडा शेजारच्या दगडावर मारला. थड. पलीकडच्यावर मारला. थड. परत काळ्यावर मारला.

टण्ण.

देवळातली घंटा वाजावी तसा. आवाज डोंगराच्या पोटात गेल्यासारखा झाला, आणि मग हळूहळू विरला.

पोरीनं कान दगडाला लावला. हातातल्या खड्यानं हळूच ठोकलं. ऐकलं. पुन्हा ठोकलं. वरच्या टोकाला एक आवाज होता, बुडाशी दुसरा. ती दगडाभोवती फिरली, जागोजाग ठोकत. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. गुरुजींना पोर तीन वर्षांची असतानाचं तोंड आठवलं. मधली वर्षं कुठं गेली ते त्यांना आठवेना… वहीत होती, बहुतेक.

आणि ती वळली.

“पप्पा, हा का वाजतो?”

...

हा प्रश्न होता.

गुरुजींच्या तोंडात उत्तर आयतं होतं. हा अग्निजन्य खडक आहे. सह्याद्री लाव्हारसापासून बनला आहे. भूगोलाचं पुस्तक, पान चार, तिसरा परिच्छेद.

पण शेजारचाही अग्निजन्यच होता. पलीकडचाही. सबंध डोंगर तोच. आणि ते वाजत नव्हते.

गुरुजी दगडाजवळ गेले.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

पोर त्यांच्याकडं बघत राहिली. नवीन जागा बघावी तशी.

“तुम्हाला पण नाही?”

“नाही.”

“कुणाला माहितीय?”

“तेही माहीत नाही.”

पोरीला याचा काय आनंद झाला, तिलाच ठाऊक. ती हसली. बापाच्या हातात एक खडा दिला.

“मग तुम्ही तिकडून वाजवा. मी इकडून ऐकते.”

सोळा शाळांचे केंद्रप्रमुख दगडापुढं गुडघ्यावर बसले आणि वाजवायला लागले.

...

ऊन कलतं झालं तेव्हा वरून काठी टेकत बुवा उतरताना दिसले. खांद्याला घागरी नव्हत्या. हातात एक गाठोडं होतं. सांजचं पाणी राहिलं होतं.

“कोण वाजवतंय?” लांबूनच त्यांनी विचारलं. “अक्का भाकरी टाकून टाकून बेजार झाली. येक टोला झाला, दोन झालं, धा झालं. म्हणाली, खालनं वऱ्हाड आलंय जणू. पीठ सपलं तवा मला शिव्या घातल्या. म्हटलं, म्या वाजवत न्हाय बये, रूळ हितं गप टांगलाय.”

त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. भाकरीची चळत होती. अजून गरम.

“हा दगड वाजतो, आजोबा,” पोर म्हणाली.

“कुठला?”

“हा.”

“ह्यो?” बुवा हसले. “ह्यो तर वाटंतला धोंडा. ह्याला वळसा मारून मारून माझी टाच झिजली.”

“वाजतो. ऐका.”

पोरीनं वाजवला.

बुवांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण आत काही उरलं नाही त्याच्या. ते दगडाजवळ आले. तळवा ठेवला त्यावर. पोरीनं परत वाजवला, तेव्हा तळव्याला ते कळलं असावं, कारण त्यांनी हात झटकन मागं घेतला. मग परत ठेवला.

...

खालच्या वस्तीवरून शेरडांचा आवाज येत होता.

गुरुजी उठून उभे राहिले. गुडघ्यांना माती लागली होती, ती झटकली नाही. आपण दिलेलं काम पुरं केलं नाही, हे त्यांना आता टोचायला लागलं. शाळेतली सवय.

“बुवा,” ते म्हणाले, “आम्ही पोचलो नाही. दिवस गेला आणि निम्मीच वाट झाली. तुम्ही टोला देणार होतात… तो आता पुढच्या रविवारी.”

“पुढच्या रविवारी परत इथंच यायचं?” पोरीनं विचारलं.

“तुला यायचंय?”

“हो. पण मीच पुढं.”

बुवांचं त्यांच्या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. त्यांनी पोरीपुढं हात पसरला. पोरीनं आपला खडा त्यांच्या हातावर ठेवला, जरा नाइलाजानंच.

बुवांनी पोरीकडं बघून दगडावर एक टोला दिला. आवाज पार विरेपर्यंत थांबले.

मग गुरुजींकडं बघून दुसरा दिला. गुरुजींनी मान खाली घातली. हात जोडावेत की नको ते त्यांना ठरवता येईना.

बुवा तसेच उभे होते. खडा हातातच होता. वर मठाकडं बघितलं, खाली हिरीकडं बघितलं, त्या दोघांमधल्या वाटेकडं बघितलं.

आणि तिसरा टोला दिला.

गुरुजींनी इकडंतिकडं बघितलं. वाटेवर दुसरं कुणी नव्हतं.

“हा कुणाचा, बुवा?”

बुवांनी गाठोड्यातली एक भाकरी उचलली, मोडली, आणि दगडाला टेकून खाली बसले.

“माझा,” ते म्हणाले. “चाळीस वरसं हितनं जातोय. आज आलो.”